साक्षीदार क्रमांक एक

अंधेरी, २१ ऑगस्ट २०२४

रेमंडास आईकडून.

गुडघा सोडला तर मी बरी आहे. कागदावर लिहिते, कारण फोन तू उचलत नाहीस, आणि व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं तर ते आधी बाय ऐकते. मी चौथीपर्यंतची, तुला ठाऊक आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, फेकू नको.

आपली बाय, तुझी लेक ॲश्ली, बारावीला आहे. आर्ट्स घेतलं, त्यात इतिहास. तुला कोणी सांगितलं असेल, नसेल. गल्लीत सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. तुझा तो शेजारचा ग्लेनरॉय भिंतीवरून डोकावून म्हणाला, इतिहास घेऊन काय करणार, फिरंग्यांना गेटवे दाखवणार काय? बायने वर न बघता सांगितलं, "अंकल, तुम्ही कॉमर्स केलेलं ना, ते पण आता इतिहासातच आहे." त्याची बायको आतून एवढी हसली की तिच्या हातातलं पातेलं पडलं. मला कोण आनंद झाला सांगू. पोरीला जीभ आहे. तुझी नाही, तिच्या आईची, रेवतीचीही नाही, म्हणजे माझीच.

संध्याकाळी मी मैद्याचे फुगे तळते आणि ती ओट्याला टेकून मोठ्याने वाचते. त्यामुळे मलाही आता पुष्कळ येतं. पहिलं महायुद्ध चौदा साली लागलं. माझी आजी तेव्हा कोळंबी सोलत बसली असेल, तिला कोणी कळवलं नसेल. कुठलाकुठला राजा मेला, त्यात आपल्या गावठाणातला एकही नाही. मी बायला म्हटलं, आमचं कुठे आहे यात? तर म्हणाली, आजी, तेच तर आता मी लिहिणार आहे.

वीस मार्कांचा प्रकल्प असतो त्यांना. घरातल्या नाहीतर गावातल्या गोष्टीचा इतिहास लिहायचा आणि साधनं दाखवायची. साधनं तीन. लिखित म्हणजे कागद. भौतिक म्हणजे दगड, भांडी, वस्तू. आणि मौखिक म्हणजे मी. खरंच सांगते. त्यांची मानसी मॅडम घरी आली होती, बारीक आहे, दोन फुगे खाऊन तिसरा रुमालात बांधून घेऊन गेली. ती म्हणाली, "आजी, तुमच्यासारखं साधन मिळायला नशीब लागतं." मी त्या दिवशी ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून नेसले होते. चौऱ्याहत्तर वर्षं कोणी मला साधन म्हणालं नव्हतं.

दीड तास बोलले मी फोनमध्ये. विमानं उतरतात तिथे आपला भात होता तेव्हापासून. शेवटी एक छापील कागद असतो, सांगितलेलं खरं आहे म्हणून, त्यावर पूर्ण नावाने सही केली. तिने वर लिहिलं, साक्षीदार क्रमांक एक. दोन नंबर अजून कोणीच नाही.

तू शेवटचा आलास चर्चमध्ये तिच्या पहिल्या कम्युनियनला. नऊ वर्षं झाली. त्या दिवशी तू तिला कॅनडाला नेतो म्हणालास आणि मी दारात आडवी झाले, ते मी फोनमध्ये सांगितलं नाही. सगळंच सांगायचं नसतं.

तुझी आई

३ ऑक्टोबर २०२४

रेमंड,

उत्तर नाही आलं. पोस्टाला वेळ लागतो म्हणतात, मग ठीक.

बाय फार हुशार झाली आहे, एवढी की आता थोडी कमी झाली तर बरं. मी तिला म्हटलं होतं, लग्नातली गाणी लिही. उंबराचं पाणी आणायला जातो ते लिही, फोटो छान येतात. नाही. तिने विषय घेतला सिमेट्रीचा. कारण म्हणे गावठाणात कागद कोणाकडे नाहीत, पण मेलेल्यांची वही फादरकडे आहे, आणि ती सगळ्यांची आहे.

मानसी मॅडमला आपली रीत माहीत नव्हती. तिला मी समजावून सांगितलं. जमीन कमी, माणसं जास्त, म्हणून आपल्यात दोन-तीन वर्षांनी माती उकरून हाडं काढतात. घरच्यांना तारीख कळवतात. घरचं कोणी येऊन उभं राहिलं की हाडं पांढऱ्या कापडात घेऊन भिंतीतल्या खणात ठेवतात, वर नावाची पाटी. कोणी आलंच नाही तर कोपऱ्यातल्या विहिरीत, सगळ्यांची एकत्र. ती ऐकताना खायची थांबली. म्हणाली, तुमच्या सुनेच्या वेळी कोण उभं होतं? मी म्हटलं, मी. रेमंड तेव्हा मस्कतला होता, सुट्टी मिळाली नाही, मला फोनवर म्हणाला, आई, तिला बाबांच्या खणात ठेव. मी ठेवली. हे सगळं बायच्या फोनमध्येही आहे, त्या सहीच्या कागदावरही आहे.

मग जाताना मॅडम एक सांगून गेली, त्यावर मी तेव्हा हसले होते. म्हणाली, जुन्या काळी राजे दगडावर कोरून ठेवायचे, मी अमुक जिंकलं, तमुक दान दिलं. दगडावर आहे म्हणून खरं धरायचं नाही. कोणी कोरला, कधी कोरला, कशाला कोरला, हे आधी विचारायचं. बाय वहीत लिहून घेत होती.

तर आता काम सांगते. बाय तुला मेसेज करेल, दुसरा साक्षीदार म्हणून. तिने विचारलं तर एवढंच म्हण की आईने त्या दिवशी फोन करून सगळं नीट झालं म्हणून कळवलं होतं. ते खोटं नाही. फोन मी केलाच होता. तुला आठवत असेल, तू रडलास, आणि मी म्हटलं, रडू नको, ती बाबांजवळ आहे.

इकडे कॉलेजच्या चाचणीत तिला इतिहासात सगळ्यांत जास्त मार्क पडले. पेपर मी टीव्हीवर उभा करून ठेवला आहे. कोणी आलं की आधी तो दिसतो.

तुझी आई

५ नोव्हेंबर २०२४

रेमंड,

तू तिला उत्तर दिलंस आणि मला नाही. दिलंस ते बरं केलंस. तिने मला वाचून दाखवलं नाही, पण तू मी सांगितलं तसंच लिहिलं असशील असं धरते.

दोन तारखेला मृतांचा दिवस होता. दर वर्षी आम्ही तिघी जातो, मी, बाय, आणि नाहूरहून प्रेमाबाई येतात झेंडूचा हार घेऊन. रेवतीची आई म्हणून त्यांना कोणी अडवत नाही. हार पाटीला लावतात, दोन्ही हात पाटीवर ठेवून काहीतरी पुटपुटतात. पाटीवर वर बाबांचं नाव, खाली रेवतीचं. या वर्षीही तसंच झालं. बाय मात्र मागे उभी राहिली, पुढे आलीच नाही. मला वाटलं अभ्यासाने थकली.

घरी आल्यावर तिने फोनमधला फोटो दाखवला. फादरच्या ऑफिसातल्या वहीचं पान. इंग्रजी, मला काय कळणार. तिने बोट ठेवून वाचलं. चौदा मे दोन हजार अकरा. सहा नावं. पाच नावांपुढे खणाचा नंबर आणि घरच्यांची सही. सहाव्या नावापुढे सही नाही. तिथे लिहिलं आहे, कोणी आलं नाही, विहीर. सहावं नाव रेवतीचं.

मी म्हटलं, वही लिहिणारा चुकला असेल. ती म्हणाली, मलाही तेच वाटलं, म्हणून मी चंद्रप्रकाशला विचारलं. तो खड्डे खणणारा, अजून तोच आहे, केस पांढरे झाले. त्याला आठवतं. "अम्मा नहीं आई थी," म्हणाला.

मग मी सांगितलं की त्या दिवशी मला ताप होता. आणि नोटीस इंग्रजीत लावली होती, मला वाचता आली नाही, तारीख कळली तेव्हा उशीर झाला. नंतर तुला काय तोंड दाखवू म्हणून पाटीवर नाव घालून घेतलं. तुलाही हेच सांगते आहे. चौथी शिकलेल्या बाईला इंग्रजी नोटीस लावतात, हा कोणाचा दोष?

बायने ते लिहून घेतलं. रडली नाही. फक्त ताट उचलून आतल्या खोलीत गेली, तेव्हापासून तिथेच जेवते. ओट्याजवळ वाचत नाही. परवा शीतयुद्ध सुरू झालं असणार त्यांचं, पुस्तकात ते शेवटाकडे आहे, मला माहीत आहे. पण ते काय असतं ते मला सांगणारं कोणी नाही.

तू तिला फोन कर. माझं ऐकत नाही. तापाचं सांग, तुला ठाऊक होतं म्हण.

आई

२ डिसेंबर २०२४

रेमंड,

हे पत्र मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. बाय समोर बसली आहे. वाचत नाही, नुसती बसली आहे.

ताप नव्हता. नोटीसही मी वाचून घेतली होती, ग्लेनरॉयच्या बायकोकडून, आठ दिवस आधी. तारीख मला ठाऊक होती. वेळही, सकाळी साडेसात.

हे बायने कसं काढलं ते सांगते, म्हणजे तुला कळेल तुझी मुलगी काय शिकते आहे. तिने ग्लेनरॉयकडे जुने फोटो मागितले, गावठाणाचे, प्रकल्पात लावायला म्हणून. त्यात एक आपल्या अंगणातला निघाला. मसाला कुटणाऱ्या बायका उखळाला, चटईवर मिरच्यांचा ढीग, चार वर्षांची बाय शिंकते आहे, आणि मी मधोमध सूप घेऊन हसते आहे. दात सगळे दिसतात. कोपऱ्यात लाल आकडे छापलेले, १४ ०५ २०११, सकाळी आठ दहा.

तिने तो फोटो माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं होतं ती ओरडेल.

वर्षाचा मसाला मेमध्येच होतो. कुटणाऱ्या बायका वर्षातून एकदा आपल्या गल्लीत येतात, त्यांची पाळी चुकली की वर्षभर दुकानाचा आणायचा. त्या नेमक्या त्याच सकाळी आल्या. मी म्हटलं, सिमेट्री दहा मिनिटांवर, सहा जणांचं काढायचं आहे, बारा तरी वाजतील. मिरच्या सोडून कशी जाऊ? हे मी बायला सांगितलं. ती म्हणाली, "ग्लेनरॉय अंकलची बायको बसली नसती का तुझ्या मिरच्यांजवळ?"

बसली असती. तिने विचारलंही होतं मला, जायचं नाही का म्हणून. मी म्हटलं, जाते गं, थोड्या वेळाने.

तर आता ते लिहिते जे मी फादरलाही सांगितलं नव्हतं, इतक्या वर्षांत एकदाही. त्या खणात दोघांपुरतीच जागा आहे. एक तुझ्या बाबाची. दुसरी मी माझी धरली होती, त्याला ठेवला त्या दिवसापासून. तू मस्कतहून फोन करून सहज म्हणालास, तिला बाबांजवळ ठेव, जसं काही ट्रंकेत कपडे ठेवायचे. मला राग आला. नाहूरची पोर, आपल्या घरात तीन वर्षंही राहिली नाही, बाप्तिस्मा घेतला तो तुझ्यासाठी, आणि माझी जागा तिला. ती वाईट नव्हती. माझे पाय चेपायची. काविळीत पिवळी पडली तरी बायला अंगावर घेऊन झोपायची. तरी राग आला. तिला विहिरीत टाकावी असं मी कधी म्हटलं नाही, देवाशपथ. उशीर करते, त्यांना थांबू दे, एवढंच माझ्या मनात होतं. थांबले की फादरशी दुसऱ्या खणाचं बोलू.

दोन वाजता गेले, आंघोळ करून, हात मिरचीने भगभगत होते. कापड घेऊन गेले होते, इस्त्री केलेलं. चंद्रप्रकाश फावडं धूत होता. म्हणाला, अम्मा, सगळं झालं. मी विचारलं, रेवती? त्याने कोपऱ्याकडे हात केला. मी विहिरीपर्यंत गेले नाही. तशीच परत आले, कापड कपाटात ठेवलं, मग तुला फोन केला.

पाटी महिन्याभराने केली. कोणी कोरली, कधी, कशाला, हे आता तुला कळलं.

बायने सगळं ऐकून घेतलं आणि मग जे म्हणाली ते तसंच लिहिते, तिने तसंच लिही म्हणून सांगितलं आहे. "तू दहा मिनिटांवर होतीस आणि गेली नाहीस. पप्पा तर आलेच नाहीत, फोनवर काम उरकलं. मी लिहिणार तर दोघांचं लिहिणार. पण आधी तू त्यांना कळव. प्रकल्प दहा जानेवारीला द्यायचा आहे. तोवर नाही कळवलंस तर मी लिहीन की साक्षीदाराने सांगायला नकार दिला."

मी म्हटलं, तो मग कधीच येणार नाही गं. ती म्हणाली, आता येतात का?

प्रेमाबाईंनाही तिनेच सांगितलं, नाहूरला जाऊन. मी जाते म्हटलं, तिने नेलं नाही. प्रेमाबाई एवढंच बोलल्या म्हणे, "आमच्याकडे असती तर जाळून पाण्यात सोडली असती. कुठे गेली ते तरी माहीत असतं." आणि तिला जेवायला वाढलं.

आता तुला कळवलं. शिव्या द्यायच्या तर मला दे. पोरीला फोन बंद करू नको.

आई

२४ जानेवारी २०२५

रेमंड,

तुझं उत्तर बायला आलं, मला नाही. तिने एवढंच सांगितलं की तू पत्र वाचलंस. एकदाच वाचलंस की दोनदा, ते मी विचारलं नाही.

आनंदाची गोष्ट आधी. वीसपैकी वीस. कॉलेजात आजवर कोणाला पडले नव्हते. मानसी मॅडमने प्रकल्प वर्गात वाचून दाखवला, बाहेरून आलेल्या सरांनी उभं राहून बायचा हात हातात घेतला. ग्लेनरॉयसुद्धा पेढे घेऊन आला, आता इतिहासाला नावं ठेवत नाही. मी प्रकल्प हातात घेऊन पाहिला. निळं कव्हर, स्पायरल. पाटीचा फोटो आहे. पाटी आता भिंतीवर नाही, बायने चंद्रप्रकाशकडून उतरवून घेतली. खाली लिहिलं आहे, भौतिक साधन, मजकूर अर्धा खोटा. अंगणातला मिरच्यांचा फोटो पूर्ण पानभर आहे.

आणि सोळाव्या पानावर मी. माझं नाव नाही, आजी असंही कुठे नाही. हे मराठीत आहे, मी स्वतः वाचलं, बोट ठेवून. साक्षीदार क्रमांक एक, स्त्री, वय चौऱ्याहत्तर. पहिल्यांदा खोटे सांगितले. दुसऱ्यांदाही खोटे सांगितले. तिसऱ्यांदा सांगितलेले इतर साधनांशी जुळते. त्याच्या खाली साक्षीदार क्रमांक दोन, पुरुष, परदेशी वास्तव्य. पत्नीच्या अस्थी काढताना उपस्थित नव्हता. नंतर खात्री करून घेतली नाही. तेरा वर्षांत एकदाही खणाजवळ गेला नाही.

ते तुला तिने पाठवलं असेल. मी बायला म्हटलं, एवढं कडक कशाला लिहिलंस, बाप आहे. म्हणाली, "कडक नाही आजी. जसं झालं तसं आहे."

मला आजी म्हणाली, हे मी तुला मुद्दाम कळवते. नोव्हेंबरपासून नव्हती म्हणाली. जेवते अजून आतच.

फेब्रुवारीत परीक्षा, मग ती पुण्याला जाईन म्हणते, इतिहासच पुढे शिकायला. मी हो म्हटलं. या वेळी दारात आडवी झाले नाही.

परवा मी तिला घेऊन फादरकडे गेले. माझ्यासाठी. सांगितलं, मी गेल्यावर दोन वर्षांनी मला काढाल तेव्हा माझ्या नवऱ्याच्या खणात ठेवू नका, विहिरीत टाका. आता तिथे रेवती आहे. तिची जागा मी घेतली, तर निदान तिच्या शेजारी पडू दे. फादर म्हणाले, असं आधी लिहून घेता येत नाही. रीत एकच. घरचं कोणी आलं तर खण, नाही आलं तर विहीर. पण कळवायचं कोणाला, ते नाव मात्र आत्ता द्या.

फॉर्म इंग्रजी. बायने पेन घेतलं. मी म्हटलं, तुझं नको घालू, तू कुठे असशील तेव्हा, आणि तुला एवढं पाहायला लावणार नाही मी. तिने थोडा वेळ पेन तसंच धरलं. मग लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. रेमंड. पुढे तुझा कॅनडाचा पत्ता, फोन नंबर, सगळं. म्हणाली, "त्यांना कळू दे तारीख आली की कसं असतं."

मी खाली सही केली. पूर्ण नावाने.

तर आता तुझं नाव तिथे आहे. ते तुला कळवतील. तुझ्यावर जबरदस्ती नाही. आलास तर मी तुझ्या बाबाजवळ, नाही आलास तर रेवतीजवळ. मला दोन्ही चालेल, खरंच सांगते, या वेळी खरंच. पण यायचं ठरवलंस तर सकाळी साडेसातला तिथे उभा राहा. बारा वाजतील असं धरू नको. ते थांबत नाहीत.

आई